माशाच्या पिलाचे पोहणे आणि माणसाच्या पिलाचे

‘माशाच्या पिलाला पोहायला शिकवावे लागत नाही’ ही म्हण आपण नेहमी वापरतो. सुताराचा मुलगा रंधा चांगला चालवू लागला, गवयाची मुलगी सुरात गाऊ लागली, की ही म्हण हमखास आठवते. अलीकडे मात्र ती माणसाच्या पिलालाही शब्दशः लागू पडते, असे सांगणाऱ्या चित्रफिती घरोघरच्या मोबाइलवर फिरू लागल्या आहेत. निळ्याशार पाण्याखाली, डोळे उघडे ठेवून, हातपाय हलवत पुढे सरकणारे पाच-सहा महिन्यांचे बाळ आपण त्यांत पाहतो. सोबत एक ओळ असते : ‘पोहणे उपजतच असते, मोठे होताना आपण ते विसरतो. म्हणून विसरण्याआधीच बाळाला पाण्यात सोडा.’

हे खरे आहे का? पालकसभेत एखादा तरुण बाप शिक्षकांना हा प्रश्न विचारू शकतो. जालना जिल्ह्यासारख्या भागात तर त्याला आणखी एक धार आहे. इथे पाऊस बेभरवशाचा, नद्या वर्षातले बरेच महिने कोरड्या आणि पोहण्याचे तलाव बोटांवर मोजण्याइतके. पण विहिरी जागोजागी आहेत आणि गेल्या काही वर्षांत शेततळीही गावोगाव झाली आहेत. म्हणजे पाणी कमी, पण आहे तिथे ते खोल. अशा ठिकाणी लहान मुलाची पाण्याशी ओळख केव्हा आणि कशी करून द्यायची, ही हौसेची बाब राहत नाही. उत्तर चुकले तर जिवाशी गाठ असते. तेव्हा आधी विज्ञान काय सांगते ते पाहू आणि मग आपल्या विहिरीकडे येऊ.

उपजत काय असते?

१९३९ साली मर्टल मॅक्ग्रॉ या अमेरिकी संशोधक बाईंनी याच प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. अवघ्या काही दिवसांच्या बाळांपासून अडीच वर्षांच्या मुलांपर्यंत ४२ मुलांच्या पाण्यातील हालचाली त्यांनी पुनःपुन्हा टिपल्या. त्यांना तीन टप्पे दिसले.

पहिले काही महिने पालथे धरून पाण्यात ठेवलेले बाळ हातपाय एका लयीत हलवते आणि थोडे पुढेही सरकते. चित्रफितींत दिसते ते हेच. पण चौथ्या महिन्याच्या सुमारास ही लय मोडते. मूल धडपडू लागते, उताणे होऊ पाहते, धरणाऱ्याच्या हाताला घट्ट पकडते. त्यानंतर बऱ्याच काळाने, चालता येऊ लागल्यावर, ठरवून केलेल्या हालचाली दिसू लागतात.

पहिल्या टप्प्यातील हालचाल ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तळहातावर बोट ठेवले की तान्हे बाळ मूठ आवळते, गालाला स्पर्श झाला की त्या बाजूला तोंड वळवते, तशीच ही. तिच्यावर मेंदूच्या वरच्या केंद्रांचा ताबा नसतो. ती केंद्रे कामाला लागली की अशा अनेक क्रिया मागे पडतात. म्हणजे बाळ पोहणे ‘विसरत’ नाही. ते जे करत होते ते मुळात पोहणे नव्हतेच.

पोहणे कशाला म्हणायचे? हातपाय हलवणे हा त्याचा सोपा भाग. श्वास घेण्यासाठी तोंड वेळेवर पाण्याबाहेर काढणे हा खरा भाग, आणि नेमके तेच तान्ह्या बाळाला जमत नाही. जमिनीवर पालथे ठेवले तरी ज्याला मान नीट सावरता येत नाही, त्याने पाण्यात डोके उचलून श्वास घ्यावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

दुसरी एक प्रतिक्षिप्त क्रिया गैरसमजात भर घालते. चेहऱ्याला पाणी लागताच बाळाचा श्वास क्षणभर थांबतो, घशाचा मार्ग आवळला जातो आणि हृदयाचे ठोके मंदावतात. सील, देवमासा, बदक यांच्यात ही क्रिया फार प्रभावी असते. माणसाच्या तान्ह्या बाळात ती चांगली दिसते, पहिल्या सहा महिन्यांनंतर मात्र हळूहळू कमी होते. ती काही सेकंदांचे संरक्षण देते, मिनिटांचे नव्हे. शिवाय पाणी गिळण्याला तिच्यामुळे पूर्ण आळा बसत नाही. ती तपासण्यासाठी बाळाला पाण्यात बुडवणे म्हणजे विजेचा फ्यूज उडतो की नाही हे पाहण्यासाठी तारांना हात लावण्यासारखे आहे.

बाळ म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे

बाळासाठी पाणी जास्त धोक्याचे का, याची तीन कारणे शाळेच्या गणितात बसणारी आहेत.

पहिले कारण डोक्याचे. मोठ्या माणसाचे डोके त्याच्या उंचीच्या साधारण आठवा हिस्सा असते, नवजात बाळाचे चौथा हिस्सा. त्यामुळे शरीराचा गुरुत्वमध्य वर सरकलेला असतो. नुकतेच चालू लागलेले मूल बादलीत किंवा टाकीत वाकून पाहते तेव्हा तोल डोक्याकडे जातो आणि ते आत कोसळते. डोके खाली, पाय वर अशा अवस्थेतून स्वतःला मागे ढकलण्याइतकी ताकद त्याच्या हातांत नसते. अर्धी भरलेली बादलीसुद्धा एक-दीड वर्षाच्या मुलाचा जीव घेऊ शकते ती यामुळे. जिथे नळाला रोज पाणी येत नाही तिथे घरात बादल्या, रांजण, पिंप, हौद भरून ठेवावेच लागतात. पाण्याची टंचाई आणि बुडण्याचा धोका एकाच घरात नांदतात, ही गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही.

दुसरे कारण उष्णतेचे. शरीर उष्णता गमावते ती त्वचेच्या पृष्ठभागातून, आणि साठवते ती वस्तुमानात. साडेतीन किलोच्या बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे ०.२२ चौरस मीटर असते, म्हणजे दर किलोमागे सुमारे ६३० चौरस सेंटिमीटर. साठ किलोच्या माणसाचे क्षेत्रफळ सुमारे १.६५ चौरस मीटर, म्हणजे किलोमागे २७५. बाळाचा ‘उघडा’ भाग वजनाच्या मानाने दुपटीहून जास्त झाला. त्यात पाणी हवेच्या सुमारे २५ पट उष्णतावाहक. वर, थंडीने कुडकुडून उष्णता निर्माण करण्याची युक्ती तान्ह्या बाळाला नीट साधत नाही. वर्गात हे दाखवायचे असेल तर एकाच भांड्यातले गरम पाणी एका पेल्यात आणि एका कळशीत भरा, दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा आणि आलेख काढा. पेला आधी का थंड होतो, याचे उत्तर मुले स्वतःच शोधतील.

बाळांना पाण्यात खेळवण्याच्या तलावांत पाण्याचे तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात ते यासाठी. खोल विहिरीचे पाणी त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाजवळ असते. आपल्याकडे ते साधारण २६ अंश धरायला हरकत नाही. मे महिन्याच्या उन्हातून आलेल्या तरुणाला ते सुखाचे वाटते, बाळाच्या शरीराला ते थंड आहे.

तिसरे कारण गिळलेल्या पाण्याचे. सात किलोच्या बाळाच्या शरीरात सुमारे सव्वाचार लिटर पाणी असते. त्यातील रक्तरसात लिटरमागे १४० मिलिमोल सोडियम असते. खेळता खेळता बाळाने ४२० मिलिलिटर, म्हणजे सुमारे दोन फुलपात्री पाणी गिळले, तर शरीरातील पाणी एकदशांशाने वाढेल आणि सोडियमचे प्रमाण १२७ पर्यंत उतरेल. १३० च्या खाली गुंगी, उलट्या आणि त्याहून खाली झटके येऊ शकतात. मोठा माणूस जादा पाणी लघवीवाटे लवकर बाहेर टाकतो, बाळाची मूत्रपिंडे अजून तेवढी तयार नसतात. हे फक्त कागदावरचे गणित नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बाळांना वारंवार पाण्याखाली बुडवून ‘पोहायला शिकवण्याचे’ वर्ग निघाले होते, तेव्हा झटके येऊन रुग्णालयात दाखल झालेल्या बाळांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या.

मग शिकवायचे केव्हा?

या बाबतीत तज्ज्ञांचे मत कसे बदलत गेले ते शिक्षकांनी समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली म्हटले होते की, चौथ्या वाढदिवसाआधी बहुतेक मुले पोहण्याच्या शिकवणीला तयार नसतात. तिथल्या तज्ज्ञांना एक भीतीही होती. शिकवणीमुळे मूल पाण्याला भिणार नाही आणि पालकांची नजर ढिली पडेल, तर फायद्याऐवजी तोटाच होईल.

२००९ साली एका अभ्यासात ही भीती तपासली गेली. बुडून मरण पावलेल्या १ ते ४ वर्षे वयाच्या ६१ मुलांची तुलना त्याच वयाच्या, त्याच भागांतल्या इतर मुलांशी केली. मरण पावलेल्यांपैकी ३ टक्के मुलांनी, तर तुलनेसाठी घेतलेल्यांपैकी २६ टक्के मुलांनी पोहण्याची शिकवणी घेतलेली होती. यावरून शिकवणीने धोका ८८ टक्के कमी होतो असा अंदाज निघाला. ही संख्या वर्तमानपत्रांना आवडणारी आहे. पण मुलांची संख्या थोडी असल्यामुळे खरा आकडा ३ टक्क्यांपासून ९९ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो, हेही त्याच अभ्यासात नोंदवले आहे. निष्कर्ष एवढाच काढता येतो की शिकवणीमुळे धोका वाढतो असे दिसले नाही, आणि बहुधा तो कमी होतो. त्या आधारे २०१० साली संघटनेने आपली भूमिका सैल केली. २०१९ साली ती पुन्हा मांडताना सांगितले की, एक वर्षानंतर अनेक मुलांना शिकवणीचा उपयोग होऊ शकतो. एक वर्षाच्या आतील बाळ शिकवणीमुळे बुडण्यापासून वाचते असा मात्र पुरावा नाही.

म्हणून वयानुसार ढोबळ पायऱ्या अशा मांडता येतील.

पहिले सहा महिने. बाळाची पाण्याशी ओळख न्हाणीतच होऊ द्यावी. न्हाऊ घालणारी बाई पाय पसरून बसते आणि बाळाला पायांवर आधी पालथे, मग उताणे घेते. या बैठकीत बाळाला मानेपासून कमरेपर्यंत आधार मिळतो आणि बाईचे दोन्ही हात मोकळे राहतात. पाणी कोपराने तपासून कोमट घ्यावे. तोंडावर थेट धार सोडू नये, आणि नाकात तेल तर मुळीच घालू नये, कारण ते श्वासनलिकेत उतरू शकते. न्हाण्याच्या वेळी बोलणे, गुणगुणणे, रोज तोच क्रम ठेवणे यांमुळे पाणी बाळाला परिचयाचे होते. एवढे शिक्षण या वयाला पुरते.

सहा महिने ते एक वर्ष. बसता येऊ लागले की परातीत किंवा टबात चार बोटे पाणी घेऊन खेळू द्यावे. पेला भरणे, ओतणे, थापट्या मारणे असे हे खेळ आहेत. मोठ्या माणसाचा हात बाळापासून एका हाताच्या अंतरात असावा. दार वाजले, फोन आला, तर बाळाला उचलून न्यावे. चार बोटे पाण्यातही मूल बुडू शकते, कारण नाक-तोंड झाकायला तेवढे पाणी पुरते. शहरात स्वच्छ, क्लोरीन घातलेला कोमट पाण्याचा तलाव उपलब्ध असेल तर आईबापांनी बाळाला कडेवर घेऊन दहा-पंधरा मिनिटे पाण्यात उतरण्यास हरकत नाही. ओठ निळसर झाले, बाळ किरकिरू लागले, की बाहेर. पाण्याखाली मात्र बुडवू नये.

एक ते चार वर्षे. तलाव आणि जाणकार शिक्षक असतील तर तोंड पाण्यात घालून फुगे काढणे, काठ धरणे, उताणे तरंगणे या गोष्टी शिकवता येतात. पण या वयातील कोणतीही शिकवणी मुलाला ‘बुडण्यापासून सुरक्षित’ करत नाही. नजर आणि कुंपण यांना पर्याय नाही.

चार-पाच वर्षांनंतर खरे पोहणे शिकवावे, आणि जरूर शिकवावे.

या चारही पायऱ्यांत विहीर आणि शेततळे शेवटच्या पायरीवर येतात, तेही अटींसह. बाळाला घेऊन विहिरीत उतरणे हे धाडस नाही, अविचार आहे. साचलेल्या, शेवाळलेल्या पाण्यात जुलाबाचे जंतू असू शकतात. नाकावाटे शिरणाऱ्या अमिबामुळे मेंदूचा दुर्मीळ पण जीवघेणा आजार होतो. केरळमध्ये २०२४ साली काही मुले त्याने दगावली.

शेततळ्याची भूमिती

जालना जिल्ह्यातील कडवंची गावाने पाणलोटाचे काम आणि शेततळी यांच्या बळावर द्राक्षबागा उभ्या केल्या. दुष्काळी भागाला हे उदाहरण सतत सांगितले जाते आणि ते योग्यही आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा जळताना ज्यांनी पाहिल्या, त्यांना साठवलेल्या पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. २०१६ साली राज्य शासनाची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि शेततळी आणखी वाढली. शेततळे वाईट असे इथे म्हणायचे नाही. त्याची रचना मुलांच्या दृष्टीने कशी आहे ते मात्र पाहायला हवे.

या योजनेतील मोठे तळे वरून ३० × ३० मीटर आणि ३ मीटर खोल असते. बाजूंचा उतार एकास एक, म्हणजे ४५ अंशांचा. तळ २४ × २४ मीटर. विद्यार्थ्यांना याचे घनफळ काढायला सांगा : सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी. आता दुसरा प्रश्न विचारा. तळे काठोकाठ भरले असताना काठापासून एक मीटर आत गेलेल्या मुलाच्या पायाखाली किती खोल पाणी असेल? एकास एक उतारामुळे उत्तर एक मीटर. पाच वर्षांच्या मुलाची उंची सुमारे १०५ ते ११० सेंटिमीटर. म्हणजे काठापासून दोन पावलांत पाणी त्याच्या नाकाशी येते. नदीच्या उथळ काठावर मुलाला सावध व्हायला वेळ मिळतो, इथे तो मिळत नाही.

त्यातून बाहेर येणे त्याहून कठीण. पाणी मुरू नये म्हणून तळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर असते. ४५ अंशांच्या उतारावर न घसरता उभे राहायचे तर घर्षणाचा गुणांक किमान १ हवा. ओल्या, शेवाळलेल्या प्लॅस्टिकवर तो याच्या निम्माही नसतो. शिवाय पाण्यात शरीराचे वजन जवळजवळ नाहीसे होते, त्यामुळे पाय रोवायलाही जोर मिळत नाही. धरायला फांदी नाही, कपार नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा अशा तळ्यातून दमून बाहेर येऊ शकत नाही, आणि त्याला वाचवायला उतरलेला माणूसही तिथेच अडकतो.

हे वर्गात करून पाहता येते. एका फळीवर अस्तराच्या प्लॅस्टिकचा तुकडा ताणून बसवा. ओल्या फडक्यात गुंडाळलेला दगड त्यावर ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. दगड घसरू लागला की थांबा. उचललेल्या टोकाची उंची भागिले जमिनीवरील आडवे अंतर हा घर्षणाचा गुणांक. मग प्लॅस्टिकवर साबणाचे पाणी टाकून पुन्हा मोजा. नंतर प्लॅस्टिकवर गोणपाट अंथरून मोजा, आणि शेवटी आडव्या गाठी मारलेला दोर अंथरून. गुणांक कसा बदलतो ते पाहिलेले मूल घरी जाऊन वडिलांना तळ्यात गाठींचा दोर सोडायला सांगेल.

आणखी एक गोष्ट ऋतूंची. आपल्या विहिरी दिवाळीच्या सुमारास भरलेल्या असतात आणि एप्रिल-मे मध्ये तळ गाठतात. शेततळे मात्र उन्हाळ्यासाठीच राखून ठेवलेले असते. त्यामुळे शाळेला सुट्टी, अंगाची लाही, विहिरी कोरड्या आणि गावातले एकमेव खोल पाणी शेततळ्यात, असा योग दर उन्हाळ्यात येतो. शेततळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या सुट्टीत का येतात, याचे कोडे इथे सुटते.

भोपळा, डबा आणि आर्किमिडीज

आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या मुले विहिरीतच पोहायला शिकली. कमरेला दोर, पाठीला सुका भोपळा किंवा तेलाचा रिकामा डबा, कुठे पांगाऱ्याचा ओंडका, पुढे मोटारीची ट्यूब आली. दोराचे टोक काका-मामाच्या हातात. या पद्धतीत एक मोठे शहाणपण आहे : शिकवणारा एक, शिकणारा एक, आणि दोर सतत हातात.

डबा किती भार पेलतो? तेलाच्या १५ किलोच्या डब्याचे आकारमान १६ लिटरांहून थोडे जास्त असते. झाकण घट्ट असेल तर तो तेवढेच पाणी बाजूला सारतो. डब्याचे स्वतःचे वजन किलोभर. म्हणजे तो सुमारे १५ किलोचा भार वर धरू शकतो. छातीत हवा भरलेल्या माणसाची घनता पाण्याहून किंचित कमी असते, म्हणून फक्त डोके पाण्याबाहेर ठेवण्यापुरता, तीन-चार किलोंचा, आधार मुलाला लागतो. डबा पुरेसा आहे, नव्हे, गरजेच्या कितीतरी पट आहे.

अडचण जोराची नाही, जागेची आहे. डबा कमरेवर, पाठीकडे बांधला की पाणी कंबर वर ढकलते आणि जड डोके खाली जाते. हातपाय मारता येणारा दहा वर्षांचा मुलगा मान उचलून सावरतो, पाच वर्षांचे मूल तोंडावर पालथे होते. म्हणून आधार छातीपाशी, काखेखाली हवा. फुगवायच्या दंडपट्ट्या आणि रबरी बदके यांनाही हेच लागू : ती खेळणी आहेत, जीवरक्षक साधने नव्हेत. डबा गंजून छिद्र पडले, ट्यूबचा वॉल्व्ह सुटला, की आधार गेला. दर वेळी वापरण्याआधी तपासावे.

विहीर पायऱ्यांची असावी, पाण्याची खोली आणि तळाचे दगड माहीत असावेत, मोटारीची वीज बंद असावी आणि पाण्याजवळ पोहता येणारा, शुद्धीवरचा मोठा माणूस असावा. उड्या मारण्यापूर्वी पाण्याची पातळी पाहावी. दिवाळीत ज्या दगडावरून उडी मारली, त्याच दगडावरून मार्चमध्ये मारली तर डोके फुटू शकते.

शेजाऱ्याकडून शिकण्यासारखे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याच्या प्रतिबंधासाठी आराखडा प्रसिद्ध केला. भारतात दरवर्षी सुमारे ३८ हजार जीव असे जातात.

बांगलादेशात घराभोवती पुष्करणी आणि डबकी. तिथल्या संशोधकांनी पाहिले की एक ते चार वर्षांची मुले बुडतात ती बहुतेक सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान, घराजवळच, आई कामात असताना. त्यांनी उपाय काढला तो साधा. याच वेळात चालणारी गावातली पाळणाघरे, ‘आंचल’, म्हणजे पदर. प्रशिक्षित बाई वीस-पंचवीस मुले सांभाळते. या मुलांत बुडून होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. चार वर्षांवरील मुलांना गावच्याच तळ्यात बांबूचा चौकोनी मंच बांधून पोहायला शिकवले. लहानांसाठी नजर आणि मोठ्यांसाठी पोहणे, अशी ही वाटणी आहे. आपली अंगणवाडी हे काम करू शकते, विशेषतः वेचणी-काढणीच्या दिवसांत तिच्या वेळा शेतीच्या कामाशी जुळवल्या तर.

बुडाल्यावर

बुडणारा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर असताना श्वास घ्यायलाच वेळ अपुरा पडतो, हाक कुठून मारणार? म्हणून पाण्यातले मूल गप्प झाले तर ती धोक्याची खूण समजावी.

मुलांना शिकवावे : मित्र बुडत असेल तर उडी मारू नका. ओरडा, दोर, ओढणी, बांबू, रिकामा कॅन, जे असेल ते फेका.

बाहेर काढलेले मूल श्वास घेत नसेल तर क्षणही न दवडता तोंडाने श्वास द्यावा. बुडण्यात आधी प्राणवायू संपतो, हृदय नंतर थांबते. चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. मूल उताणे निजवून हनुवटी उचलावी, मुलाचे नाक चिमटीत धरून तोंडावर तोंड ठेवावे, तान्ह्या बाळाचे नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्यावे, आणि छाती उचलेल इतपत पाच श्वास द्यावेत. प्रतिसाद नसेल तर छातीच्या मध्यभागी, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० दाब आणि मग दोन श्वास, हे चक्र मदत येईपर्यंत चालू ठेवावे. दुसऱ्याने तोवर १०८ क्रमांक लावावा. मूल सावरले तरी रुग्णालयात न्यावेच.

मुलाला उलटे लटकवणे, पोट दाबून पाणी काढणे, चाकावर फिरवणे, मिठात निजवणे यांतले काहीही करू नये. पोटातले पाणी दाबून वर आणले की ते श्वासनलिकेत जाते. आणि या खटाटोपात जी मिनिटे जातात, तीच मोलाची असतात.

शाळेने काय करावे?

सहावी-सातवीच्या मुलांना घेऊन गावाचा पाणी-नकाशा काढावा. विहिरी, शेततळी, हौद, उघड्या टाक्या यांची नोंद करून प्रत्येकीपुढे चार रकाने ठेवावेत : कठडा किंवा कुंपण आहे का, झाकण आहे का, बाहेर यायला पायऱ्या किंवा दोर आहे का, जवळ फेकायला तरंगते काही आहे का. हा नकाशा मार्चच्या ग्रामसभेत मांडावा, सुट्टी लागल्यावर नव्हे. शेततळ्याच्या चारही बाजूंना गाठींचे दोर खुंटीला बांधून पाण्यात सोडायला आणि दोन रिकामे कॅन काठावर ठेवायला अस्तराच्या मानाने नगण्य खर्च येतो. तारेच्या कुंपणाला जास्त लागतो, पण तळ्याच्या एकूण खर्चात तो मावतो. घरी धाकटे भावंड असलेल्या मुलांना एकच काम द्यावे : वापरून झालेली बादली पालथी घालायची आणि पिंपावर झाकण ठेवायचे.

माशाच्या पिलाला कल्ले असतात, म्हणून त्याला शिकवावे लागत नाही. आपल्या पिलाला शिकवावेही लागते आणि शिकेपर्यंत सांभाळावेही लागते.